आमदार ‘घरी या’ म्हणाले, म्हणून आम्ही गेलो

लखनऊत मला कुणी विचारलं, की तुम्ही काय काम करता, तर मी सांगायची, “आमदाराला काय विचारायचं, ते लोकांना शिकवते.” समोरचा माणूस आधी हसायचा आणि मग गंभीर होऊन विचारायचा, “और इसकी तनख़्वाह मिलती है?” मिळायची. नेहमी वेळेवर मिळायची असं नाही, पण मिळायची. मागच्या वर्षी मी या कामातून निवृत्त झाले आणि लगेच नागपूरहून संपादकबाईंचा फोन आला. दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा, पण जन्म, शिक्षण, लग्न असं ओळीनं सांगत बसू नका, म्हणाल्या. ही अट मला फारच आवडली.

तरी थोडं सांगावंच लागेल. माझं माहेर नागपूरचं, सासर भंडाऱ्याचं. नवरा टेलिफोन खात्यात होता, त्याची बदली लखनऊला झाली आणि आम्ही इथेच रुजलो. घरात मी मराठीत बोलते, मुलगा हिंदीत उत्तर देतो आणि दोघांचंही भांडण व्यवस्थित होतं. माझी हिंदी मात्र शेवटपर्यंत नागपूरचीच राहिली. या शहरात लोक समोरच्याला ‘ज़रा तशरीफ़ इधर ले आइए’ म्हणतात, तिथे मी ‘इधर आके बैठो ना’ म्हणते. या हिंदीमुळे मी पुष्कळदा गोत्यात आले. एकदा मात्र तिचाच उपयोग झाला, आणि त्याबद्दलच मुख्यतः लिहायचं आहे.

आमची संस्था छोटी. निशातगंजमध्ये एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या. प्रमुख होते त्रिपाठी सर, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, अत्यंत सज्जन आणि अत्यंत लांब बोलणारे. आमचं काम साधं होतं. आमदार निवडून गेला, की विधानसभेत तो काय करतो यावर लक्ष ठेवायचं, ते त्याच्या मतदारांना समजेल अशा भाषेत सांगायचं आणि वर्षातून एकदा त्याला मोहल्ल्यात बोलावून लोकांसमोर बसवायचं.

यात अवघड काय, असं तुम्हाला वाटेल. अवघड हे, की आमदाराचं काम नेमकं काय, हेच लोकांना ठाऊक नसतं, आणि कित्येकदा आमदारालाही नसतं. गटार, दिवाबत्ती, कचरा ही नगरसेवकाची कामं. आमदारानं सभागृहात बसून कायदे वाचायचे, सरकारला प्रश्न विचारायचे आणि उत्तर समाधानकारक नसेल तर पुन्हा उभं राहायचं. पण आमच्या एका सभेत एक आजोबा काठी आपटत उठले आणि म्हणाले, “हमारे पोते का मुंडन था, विधायकजी नहीं आए. इसका जवाब चाहिए.” नातवाच्या जावळाचा कार्यक्रम! सगळ्या सभेनं माना डोलावल्या. आमदारांनी हात जोडून माफी मागितली, आजोबा खूश झाले आणि त्या वर्षीची लोकशाही तिथेच आटोपली. त्रिपाठी सर परत येताना रिक्षात एक शब्दही बोलले नाहीत. त्यांच्याबाबतीत ही फार मोठी गोष्ट होती.

दुसरे एक आमदार तर प्रश्न विचारणारी माणसंच बरोबर घेऊन यायचे. पुढच्या रांगेत त्यांचे चार पैलवान. त्यातला एक उठायचा आणि दरडावून विचारायचा, “नेताजी, आप इतना काम करते हैं, थकते नहीं क्या?” नेताजी लाजायचे. मी मागून विचारलं, “विधानसभेत या वर्षी काय बोललात?” तर पैलवानानं वळून माझ्याकडे असं बघितलं, की मी घाईघाईनं पाण्याचा ग्लास उचलला.

आता शबनमची गोष्ट. गल्लीचं नाव सांगत नाही आणि आमदाराचं तर नाहीच. ते अजून राजकारणात आहेत आणि माझा मुलगा अजून लखनऊतच राहतो. जुन्या शहरातल्या चौक या भागाच्या अलीकडची एक गल्ली, एवढं पुरे.

शबनम चिकनचं भरतकाम करायची. पांढऱ्या कापडावर पांढरा धागा, दिवसभर मान खाली. तिची मुलगी नाज़नीन आठवी पास होऊन घरी बसली होती. कारण असं, की गल्लीच्या तोंडाशी मुलींची सरकारी शाळा होती, बारावीपर्यंतची. दोन वर्षांपूर्वी तिची इमारत धोकादायक म्हणून दुरुस्तीसाठी बंद केली आणि मग दुरुस्तीच सुरू झाली नाही. लहान मुलींना दुसऱ्या एका शाळेत पाठवलं, पण तिथे वर्ग आठवीपर्यंतच. नववीसाठी जायचं तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. रोजचं रिक्षाभाडं शबनमला परवडणारं नव्हतं आणि एकटीला तेवढं लांब धाडायला घरचे तयार नव्हते.

नाज़नीनचं एक वर्ष असंच गेलं होतं. इथे दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेसाठी नववीतच नाव नोंदवावं लागतं आणि ती नोंदणी ऑगस्टअखेर बंद होते. शबनमनं मला पहिल्याच भेटीत सगळं स्वच्छ सांगितलं. “दीदी, इस अगस्त में नाम चढ़ गया तो चढ़ गया. नहीं तो इसकी फूफी रिश्ता लिए बैठी हैं. हम कब तक टालेंगे?” आत्यानं स्थळ आणलेलं, आणि नाज़नीन पंधरा वर्षांची. ती शेजारीच बसून सुईत धागा ओवत होती आणि आमच्याकडे बघतच नव्हती.

ठरलं. आमदारांना गल्लीत बोलवायचं आणि शाळेबद्दल विचारायचं. मी बायकांची चार-पाच वेळा तयारी करून घेतली. प्रश्न छोटा हवा. त्यात रडगाणं नको, भाषण नको, टोमणा तर मुळीच नको. टोमण्याला हसून उत्तर देता येतं. नुसतं विचारायचं, की शाळा बंद आहे हे तुम्ही विधानसभेत मांडलंत का? नसेल, तर कधी मांडणार? बायका इतक्या तयार झाल्या, की माझाच घाम निघाला. शबनम मला आमदार समजून असं काही बोलली, की मी उत्तर न देताच चहा मागवला.

एप्रिलमध्ये एका अंगणात सभा ठेवली. विधायकजी आले. उंच, हसरे, पांढऱ्या कुर्त्यातले. आणि ते आल्याबरोबर माझी सगळी फौज यजमान झाली! आधी सरबत. मग चहा. मग कुणाच्या तरी घरून कबाब आले, ते पुरले नाहीत म्हणून दुसऱ्या घरून शीरमाल, ती केशरी गोडसर रोटी, आली. एक चाची पंख्यानं वारा घालायला लागली. जिनं ‘सदन में कब उठाएँगे?’ हा प्रश्न विचारायचा होता, ती त्यांना ‘एक और लीजिए’ म्हणून आग्रह करत होती. मी डोळ्यांनी खुणा करकरून थकले. शेवटी मीच उठले, शाळेचं नाव काढलं, तर शेजारची बाई माझा पदर ओढून कुजबुजली, “दीदी, खाते हुए मेहमान से?” विधायकजींनी तेवढं ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, “बिल्कुल ध्यान में है.” संपली सभा.

मला राग आला होता आणि खरं सांगायचं तर रडूही येत होतं. पण हा दोष कुणाला द्यायचा? घरी आलेल्याला जाब विचारायचा नाही, ही इथल्या माणसांची शिकवण. ज्याच्यामुळे मुलगी घरी बसली, त्यालाही आधी जेवू घालणार. आमच्याकडेही पाहुणचार असतोच, पण नागपूरचा माणूस पाहुण्याला वाढता वाढता चार गोष्टी सुनावू शकतो. इथे ते जमत नाही.

विधायकजी निघाले. दारात उभं राहून त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, “बहुत इज़्ज़त बख़्शी आप लोगों ने. कभी हमारे ग़रीबख़ाने पर भी तशरीफ़ लाइए.”

आता नागपूरला कुणी ‘घरी या’ म्हटलं, की आपण काय विचारतो? तेच मी विचारलं. “कब आएँ?”

विधायकजींच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे जरा गोंधळले. “जी… जब चाहें. आपका ही घर है.”

“इतवार को?” मी म्हटलं.

“ज़रूर,” ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ते गेल्यावर शबनमनं कपाळावर हात मारला. “हाय अल्लाह, दीदी! यह कहने की बात होती है, जाने की नहीं!” मग मला समजलं, की या शहरात रोज शेकडो माणसं एकमेकांना घरी बोलावतात आणि कुणी कुणाकडे जात नाही. इतकी वर्षं राहून मला हे कळलेलं नव्हतं. बायका बराच वेळ माझ्यावर हसत होत्या. हसता हसता शबनम मध्येच थांबली. तिनं ओढणी सारखी केली आणि म्हणाली, “लेकिन अब तो बुला चुके हैं. हम मेहमान होंगे, तो हमें उठाएगा कौन?”

त्रिपाठी सरांना ही कल्पना पसंत नव्हती. आमदाराच्या घरी सकाळी दरबार भरतो, तिथे अर्ज घेऊन जावं, असं त्यांचं मत. पण दरबारात आपण फिर्यादी असतो. बाहेर व्हरांड्यात बसायचं, नंबर आला की कागद द्यायचा, कागद पीएकडे जातो आणि आपण रस्त्यावर. पाहुण्याला दिवाणखान्यात बसवावं लागतं. सर म्हणाले, “घटनेत या प्रकाराबद्दल काही नाही.” मी म्हटलं, “मनाईही नाही ना सर?”

रविवारी आम्ही गेलो. त्या रविवारी ते बाहेरगावी होते, पुढच्या रविवारीही होते. मे गेला, जून गेला. रविवार आला, की शबनम फोन करायची आणि अत्यंत गोड आवाजात विचारायची, “विधायकजी ने दावत दी थी, कब ख़िदमत में हाज़िर हों?” तिकडे पीए कंटाळला असावा. जुलैच्या एका रविवारी तो चुकून म्हणाला, की साहेब घरी आहेत. अर्ध्या तासात आम्ही दारात.

बायकांनी ईदचे कपडे घातले होते. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून मिठाईचा डबा होता. नाज़नीनलाही आणलं होतं. शिपायानं अर्ज मागितला. शबनम म्हणाली, “अर्ज़ी नहीं है भैया, हम तो मिलने आए हैं.” शिपाई आत गेला आणि विधायकजींच्या पत्नीच बाहेर आल्या. या भाभीजी फार लाघवी बाई. मिठाईचा डबा बघताच त्यांनी आम्हाला सोफ्यावर बसवलं.

विधायकजी बाहेर निघायच्या तयारीत होते. दिवाणखाना बायकांनी भरलेला बघून दारातच थबकले. पण घरी पाहुणे आलेले असताना यजमान जाणार कसा? बसले. चहा आला. समोसे आले. एकेकीनं घराची, पडद्यांची, भाभीजींच्या कुर्त्यावरच्या कशिद्याची तारीफ केली. कशिद्याची जरा अधिकारवाणीनंच. शाळेचं नाव कुणी काढलं नाही. पाहुण्यानं आल्या आल्या गाऱ्हाणं मांडायचं नसतं, हेही मला शबनमनं बजावलं होतं. विधायकजी दर थोड्या वेळानं म्हणायचे, “और कुछ लीजिए.” इथे याचा अर्थ ‘आता उठा’ असा होतो, एवढं आता मलाही कळायला लागलं होतं. बायका म्हणायच्या, “आप कहते हैं तो ले लेते हैं.”

मग भाभीजींनी नाज़नीनला जवळ बोलावलं. गोरीमोरी झालेली ती पोर त्यांच्याजवळ जाऊन बसली. त्यांनी मुलांना सगळे विचारतात तेच विचारलं, “किस दर्जे में पढ़ती हो बेटी?”

“किसी में नहीं,” नाज़नीन म्हणाली.

“अरे, क्यों?”

नाज़नीननं आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. आम्ही तिची तयारी करून घेतलेली नव्हती. ती सरळ विधायकजींकडे बघत म्हणाली, “हमारा स्कूल बंद है. अगस्त तक नाम नहीं चढ़ा तो हमारा निकाह हो जाएगा.”

भाभीजींच्या हातातला कप तसाच राहिला. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. आम्हा सगळ्यांची मिळून जेवढी जरब नव्हती, तेवढी त्या एका बघण्यात होती. विधायकजी घसा साफ करून म्हणाले, “मैं आज ही अफ़सर को फ़ोन करता हूँ.”

आता माझी पाळी. मी म्हटलं, “साहेब, फोन पुष्कळ झाले. फोनवर दिलेला शब्द दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. सभागृहात विचारा. तिथे उत्तर छापलं जातं आणि मंत्र्याला ते पाळावं लागतं.” हे मी हिंदीतच म्हटलं, माझ्या हिंदीत, ‘फ़ोन का कोई मतलब नहीं रहता’ वगैरे. आणि पर्समधून प्रश्न काढला.

हे आमच्या धंद्यातलं कौशल्य. मला त्याचा अभिमान आहे, म्हणून सांगते. प्रश्नाची भाषा ठरलेली असते: ‘क्या मंत्री जी बताने की कृपा करेंगे कि…’ पुढे हकिगत, तीही विशेषणं न लावता. ‘दयनीय अवस्था’ लिहिलं, की मंत्री अवस्था दयनीय नाही असं म्हणून मोकळा. ‘इमारत बंद आहे का’ लिहिलं, की हो किंवा नाही म्हणावंच लागतं. आणि शेवटी विचारायचं, ‘यदि हाँ, तो कब तक? यदि नहीं, तो क्यों?’ यातून सुटायला फट राहत नाही. तो कागद मी किती रात्री मनात घोळवला असेल!

विधायकजींनी तो दोनदा वाचला. मग खाली मान घालून म्हणाले, “सच कहूँ, इस बार मैंने अपने इलाक़े का एक भी सवाल नहीं लगाया.” मला ते ठाऊक होतं, तेच माझं काम होतं. पण त्यांच्याच घरी त्यांच्याच सोफ्यावर बसून मी ते बोलून दाखवलं नाही. इतकी तहज़ीब माझ्यातही आली होती. त्यांनी सही केली.

सही झाली म्हणजे प्रश्न लागतोच असं नसतं. कितीतरी प्रश्न क्रमाच्या मागे राहतात आणि प्रश्नोत्तराचा तास संपतो. आम्ही रोज जीव मुठीत धरून कार्यक्रमपत्रिका बघत होतो. ऑगस्टच्या मध्यावर एकदाचा नंबर लागला. विधायकजींनीच पास पाठवले. शबनम, नाज़नीन, मी आणि गल्लीतल्या आणखी काही जणी हज़रतगंजच्या बाजूनं विधानभवनात शिरलो. मोबाइल, पर्स सगळं बाहेर. प्रेक्षक गॅलरीत बोलायचं नाही, हात वर करायचा नाही, टाळी तर वाजवायचीच नाही. शबनमनं विचारलं, “दुआ माँग सकते हैं?” तिथला शिपाई म्हणाला, “मन में.”

प्रश्न पुकारला गेला. मंत्र्यांनी उठून वाचलं, की इमारतीच्या दुरुस्तीची कार्यवाही प्रक्रियाधीन आहे. सरकारी भाषेत याचा अर्थ काहीही होऊ शकतो आणि बहुतेक वेळा काहीच होत नाही. बहुतेक आमदार इथे ‘धन्यवाद’ म्हणून बसतात. विधायकजीही बसायला लागले. मग त्यांनी वर गॅलरीकडे पाहिलं. तिथे बायकांची एक अख्खी ओळ, ईदच्याच कपड्यांत, त्यांच्याकडे टक लावून बसली होती.

ते पुन्हा उभे राहिले. “मान्यवर, प्रक्रिया पूरी होगी तब तक नवीं का पंजीकरण बंद हो जाएगा. पूरी इमारत न सही, जो कमरे ठीक हैं, वो इसी महीने खुलेंगे या नहीं? एक बच्ची ने मेरे घर आकर मुझसे पूछा है. मुझे उसको जवाब देना है.”

सभागृहात थोडी कुजबुज झाली. मागून एका अधिकाऱ्यानं मंत्र्यांकडे चिठ्ठी सरकवली. मंत्र्यांनी ती वाचली आणि सांगितलं, की पाठीमागच्या भागातल्या खोल्या सुरक्षित आहेत, तिथे याच महिन्यात नववीपासूनचे वर्ग सुरू होतील आणि नोंदणी मुदतीत होईल. शबनमनं माझा हात इतका दाबला, की बांगडी रुतली. मी रडले. रडायला मनाई असल्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर फाटकाशी विधायकजी भेटले. ते खूपच खुशीत होते. मला म्हणाले, “बहनजी, इतने साल से विधायक हूँ. शादी में क्यों नहीं आए, यह सब पूछते हैं. अंदर क्या बोलते हो, यह आज तक किसी ने नहीं पूछा.” यात थोडी सबब होती आणि थोडं खरंही होतं. त्या आजोबांच्या सभेनंतर त्रिपाठी सर का गप्प बसले होते, ते मला तेव्हा नीट कळलं.

महिनाअखेरीला शाळेच्या मागच्या खोल्या उघडल्या. भिंतींना नवा चुना, फळा जुनाच. नाज़नीनचं नाव चढलं. मी बघायला गेले होते, मिरवायलाच म्हणा ना. वर्गात नाज़नीन भेटली. तिच्या जुन्या वर्गातल्या मुलींपैकी निम्म्याही आलेल्या नव्हत्या. तिची मैत्रीण सबीहा कुठे आहे, असं मी विचारलं. सबीहाचं लग्न त्या वसंतातच होऊन गेलं होतं, सीतापूरला दिली होती.

नाज़नीननं दप्तर बाकावर ठेवलं. मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, “आंटी, यह सवाल तो दो साल पहले भी पूछा जा सकता था न?”

मी म्हटलं, “हाँ बेटा. पूछा जा सकता था.”